बॉस, नंबर वन कोण?

काही वाद मिटले तर मजाच संपेल. रफी की किशोर? लता की आशा? नान-खलिया खायचा तर शहागंजात की आणखी कुठं? आमच्या ग्रुपचा असाच एक खानदानी वाद आहे. रविवारी संध्याकाळी कॅनॉटला दुसरा कटिंग आला की कुणीतरी हळूच पिन मारतं, ‘पण काही म्हणा, क्लॅप्टन तो क्लॅप्टन!’ झालं. पुढचा दीड तास कामातून गेला.

विषय एकच. जगातला सगळ्यात ग्रेट इलेक्ट्रिक ब्लूज गिटारिस्ट कोण?

आता तुम्ही म्हणाल, छत्रपती संभाजीनगरात बसून अमेरिकेच्या ब्लूजवर भांडायचं म्हणजे जरा जास्तच होतंय. इथं गिटार म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांना आधी ‘दम मारो दम’च आठवतं. (ती 1971 ची गिटार भूपिंदर सिंग यांची बरं का. हो हो, तेच, गझलवाले!) पण भांडायला कुठं व्हिसा लागतो? आणि आमच्याकडं पार्ट्याही पक्क्या आहेत.

पहिली क्लॅप्टन पार्टी. हे लोक साधारण होम लोन घेतलेले, शर्ट इन केलेले. साठच्या दशकात लंडनमध्ये कुणीतरी भिंतीवर लिहून ठेवलं होतं की क्लॅप्टन हा देव आहे. यांच्या दृष्टीनं चर्चा तिथंच संपते. आमच्यातला एक तर क्लॅप्टन ‘आपल्या गावचा’ म्हणून सांगतो. कसं काय? तर 1970 चं ‘लैला’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं. त्याचं नाव आलं बाराव्या शतकातल्या निजामी या फारसी कवीच्या लैला-मजनूवरून. आणि मजनूगिरीचा विषय निघाला की आपल्या सिराज औरंगाबादीला कोण मागं टाकणार? अठराव्या शतकातला हा शायर तरुणपणी बेभान होऊन खुलताबादच्या दर्ग्याभोवती भटकायचा. म्हणून क्लॅप्टन आपला. लॉजिक लंगडं आहे, पण ऐकायला जाम गोड वाटतं.

दुसरी हेंड्रिक्स पार्टी. यांचं हुकमी अस्त्र म्हणजे, ‘जगला असता तर…’ जिमी हेंड्रिक्स 1970 साली गेला, वय 27. ‘जगला असता तर’ला जगात उत्तर नाही. त्यामुळं हे लोक हरत नाहीत.

तिसरी स्टीव्ही रे वॉन पार्टी. यांना सूर कमी आणि सामान जास्त कळतं. स्टीव्ही 0.013 इंचाची जाड तार लावायचा, आपण 0.010 ची लावतो तरी बोटं सोलून निघतात… हे एकदा सुरू झालं की पिकअप, अँप, पेडल करत गाडी थेट ईएमआयवर येऊन थांबते.

आणि चौथी बी. बी. किंग पार्टी. हे कमी बोलतात. त्यांचा माणूसही कमीच वाजवायचा.

मी कुठल्या पार्टीत? सांगते, जरा दम धरा.

आधी त्या याद्यांचं बघू. कारण प्रत्येक भांडणात कुणीतरी मोबाइल काढतं आणि यादी उघडतं. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकानं 2003 साली 100 ग्रेट गिटारिस्टची यादी काढली. हेंड्रिक्स पहिला, बी. बी. किंग तिसरा, रॉबर्ट जॉन्सन पाचवा. 2011 साली त्याच मासिकाची नवी यादी आली. हेंड्रिक्स पहिलाच. बी. बी. सहावा. आणि रॉबर्ट जॉन्सन? थेट 71 वा!

आता गंमत बघा. जॉन्सन वारला 1938 साली. 1936 आणि 1937 मिळून त्यानं 29 गाणी रेकॉर्ड केली, बस. 2003 नंतर त्याचा हात काही बिघडला नव्हता. मग आठ वर्षांत हा माणूस 66 पायऱ्या खाली कसा काय घसरला? सोप्पंय. 2003 ची यादी एका समीक्षकानं केली होती आणि 2011 ला कलाकार आणि जाणकारांचं पॅनेल बसलं होतं. काम तेच, मॅनेजर बदलला. अप्रेझलचा सीझन ज्यांनी अनुभवलाय त्यांना यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही.

याहून भारी केस सिस्टर रोझेटा थार्पची. ही बाई चर्चमधलं गॉस्पेल गायची, पण गळ्यात इलेक्ट्रिक गिटार आणि हात असा मोकळा की रॉक अँड रोलवाल्यांनी तिच्याकडूनच धडे गिरवले. मे 1964 मध्ये मँचेस्टरजवळच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचं टीव्हीसाठी शूटिंग झालं. पाऊस पडून गेलेला. प्लॅटफॉर्मवर घोडागाडी येते, अंगात जाडजूड कोट घातलेली थार्प उतरते, गिटार गळ्यात अडकवते आणि सगळं स्टेशन खिशात घालते. व्हिडिओ नक्की बघा. तर ही थार्प 2003 च्या यादीत नव्हती. 2011 च्या यादीतही नव्हती. 2023 साली 250 जणांची यादी आली, त्यात ती एकदम सहावी! 1973 साली गेलेल्या बाईला 50 वर्षांनी प्रमोशन मिळालं. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही दोघीच मुली. त्या दिवशी कटिंगचे पैसे आम्ही मुलांना द्यायला लावले.

थोडक्यात काय, याद्या बघा, टाइमपास म्हणून उत्तम आहेत. पण यादी तुम्हाला ऐकायला शिकवत नाही. नेमकं ऐकायचं काय, हा खरा मुद्दा.

फंडा असा आहे. साध्या लाकडी गिटारची तार छेडली की सूर उमटतो आणि चटकन विरतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांच्या खाली पिकअप असतो. म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची अगदी बारीक तार. वरची स्टीलची तार थरथरली की खालच्या गुंडाळीत इवलीशी वीज तयार होते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. आपल्याला वाटतं, हे सगळं फक्त आवाज वाढवायला. पण खरा फायदा वेगळाच झाला. सूर टिकायला लागला. आणि सूर टिकला की त्याला ओढता येतं, लोंबकळत ठेवता येतं, रडवता येतं.

तार फ्रेटवर दाबून बाजूला ढकलली की तिचा ताण वाढतो आणि सूर वर चढतो. गिटारवाले त्याला ‘बेंड’ म्हणतात. सतारवाल्यांच्या घरी हीच मींड! ब्लूजचा नेहमीचा पाच सुरांचा साचा घ्या : सा, कोमल ग, म, प, कोमल नि. गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचारा, हा तर राग धानी निघेल. त्यात ब्लूजचा गंधार धड कोमल नाही आणि धड शुद्धही नाही. मधेच कुठंतरी अडकलेला असतो. सगळी कळ तिथं आहे. ठेकाही ओळखीचा वाटेल. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन. बारा संपले की परत सम. गाणारा एक ओळ गातो, गिटार तिला उत्तर देते. सवाल-जवाबच की हो!

आणि हे मी ओढूनताणून जुळवत नाहीये. पंडित विश्वमोहन भट यांची मोहन वीणा आणि राय कूडरची ब्लूजवाली स्लाइड गिटार यांच्या जुगलबंदीला 1994 साली ग्रॅमी मिळालं. 2004 मध्ये क्लॅप्टननं डॅलसला गिटारवाल्यांचा मोठा मेळा भरवला, त्यालाही भटजींना बोलावणं होतं. म्हणजे आपला कान या संगीतासाठी आधीच तयार झालेला आहे. फक्त त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही.

आता बी. बी. किंगकडं या. त्याचा एक भाऊ होता, बुका व्हाइट. तो तारेवरून स्लाइड फिरवून गिटारला गायला लावायचा. बी. बी.ला ते काही केल्या जमेना. मग त्यानं काय केलं? बोट एका जागी दाबून मनगट हलवायला लागला. सूर थरथरला. तीच पुढं त्याची ओळख झाली. कॉर्ड्सचं म्हणाल तर आपल्याला ते काही नीट येत नाही, असं तो 1988 च्या ‘रॅटल अँड हम’ या फिल्ममध्ये बोनोला सरळ सांगून टाकतो. विचार करा, मुलाखतीत कुणी ‘मला एक्सेल येत नाही’ म्हणालं आणि तरी त्या कंपनीत साठ वर्षं टॉपला राहिलं! बरं, कामचुकार म्हणावं तर एकट्या 1956 सालात या माणसानं 342 कार्यक्रम केले होते. आपल्याला 52 रविवार हवेत, वर दिवाळी.

इथं मला नेहमी वाळूज आठवतं. हसू नका, ऐका. बी. बी. मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. मडी वॉटर्सही तसाच, कापसाच्या मळ्यावरचा. त्याला तासाला 22.5 सेंट मिळत होते, त्यानं 25 मागितले. मुकादम नाही म्हणाला. 1943 साली मडीनं गाडी पकडली आणि शिकागो गाठलं. दिवसा कारखान्यात काम, ट्रकवर ड्रायव्हरकी, रात्री बारमध्ये गिटार. पण शिकागोच्या बारमध्ये इतका गलका की लाकडी गिटार कुणाला ऐकूच जाईना. दोनेक वर्षांत त्याच्या हातात इलेक्ट्रिक आली. इलेक्ट्रिक ब्लूजचा जन्म हा असा. अडीच सेंटची पगारवाढ नाकारली म्हणून!

आता आपल्याकडं बघा. 1985 साली वाळूजला बजाजचा प्लांट सुरू झाला आणि बीड, जालना, परभणीकडची पोरं एसटीनं इथं उतरायला लागली. मागं कापूस, पुढं शिफ्ट. आपल्या ऑफिसमधल्या निम्म्या लोकांची गोष्ट हीच आहे, नाहीतर त्यांच्या वडिलांची तरी. तिथल्या शेतात हाळ्या घातल्या जायच्या, आपल्या घरात जात्यावर ओव्या होत्या. शिकागोत त्या हाळ्यांना वीज जोडली गेली. आपल्या ओव्या बऱ्याच घरांत आजीबरोबर गेल्या. मला ते कधीकधी लागतं.

आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे. गेवराईकडचा. घरी कापूस. वाळूजला शिफ्टमध्ये इंजिनिअर. पहिल्या दिवाळी बोनसमधून त्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतली, घरी सांगितलं की ऑफिसचं मशीन आहे. तीनेक वर्षं वाजवली. मग एक दिवस म्हणाला, विकतोय. का? तर रात्री मोबाइलवर बारा वर्षांची पोरं बघतो, अशी बोटं पळवतात की गरगरतं. ‘आपल्या बोटांत स्पीड नाही यार. उगाच जागा अडते.’ फोटो काढून जाहिरातही टाकून झाली होती.

मला त्याचा राग आला नाही, त्या मोजमापाचा आला. स्पीड मोजता येतो म्हणून तो मोजतात. मनगटाची थरथर कुठल्या स्टॉपवॉचवर मोजायची? मी त्याला काही बोलले नाही. एक रेकॉर्डिंग पाठवलं. डिसेंबर 1983, कॅनडातलं हॅमिल्टन, टीव्हीचा स्टुडिओ. एका बाजूला 29 वर्षांचा स्टीव्ही रे वॉन, दुसऱ्या बाजूला 60 वर्षांचा अल्बर्ट किंग. अल्बर्ट डावखुरा, पण उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरायचा. तारा बदलायच्या भानगडीत पडलाच नाही. त्यामुळं बाकीचे तार वर ढकलतात, हा खाली ओढायचा. दुनिया ज्याला चुकीची पद्धत म्हणेल, त्यातून त्याचा सूर आला आणि तसा सूर दुसऱ्या कुणाचा नाही. स्टीव्ही लहानपणापासून त्याच्या रेकॉर्ड ऐकून वाढलेला. बोटं कितीतरी चपळ. पण म्हाताऱ्यानं दोन सूर लावले की स्टीव्हीचा चेहरा बघण्यासारखा होतो. शाळेतल्या पोरासारखा हसतो. आणि सात वर्षांनी, 1990 मध्ये, एका कार्यक्रमानंतर हेलिकॉप्टर कोसळून तो गेलासुद्धा. अल्बर्ट त्याच्या मागं राहिला.

मित्रानं जाहिरात काढली का? लगेच नाही. दोन-तीन आठवड्यांनी बघितलं तर नव्हती. विचारलं तर म्हणाला, कुणी गिऱ्हाईकच आलं नाही. असेल.

मग मागच्या हिवाळ्यात त्याचे वडील दवाखान्याच्या कामानं इथं आले. रात्री हा हेडफोन न लावता, अँप बारीक करून वाजवत बसला होता. तेच तेच एक बेंड. कोमल गंधार वर ओढायचा, नीट नाही आला की परत. वडील बराच वेळ दारात उभे. शेवटी म्हणाले, ‘ते रडतंय का गातंय रे?’

ब्लूजवर इंग्रजीत खूप लिहिलं गेलंय. पण याच्यापेक्षा नेमका रिव्ह्यू माझ्या तरी वाचनात नाही.

तर मूळ प्रश्न. नंबर वन कोण? मला वाटतं, हे ज्यांना ठरवायचा सगळ्यात जास्त अधिकार होता त्यांनी ते कधी ठरवलंच नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की आपण कुणाकडून शिकलो. हेंड्रिक्स टेपरेकॉर्डर घेऊन बडी गायला ऐकायला गेला होता. बडी गाय मडी वॉटर्सला गुरू मानत आला. बी. बी. कायम टी-बोन वॉकरचं नाव घ्यायचा. 2000 साली क्लॅप्टन आणि बी. बी.नं मिळून अल्बम काढला, त्याचं कव्हर बघा. क्लॅप्टन गाडी चालवतोय आणि बी. बी. मागं ऐटीत बसलाय. ज्याला लोकांनी देव केलं, तो स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर! आपण ज्याला घराणं म्हणतो ते हेच ना? आणि घराण्यात कुणी रँक लावत नाही. कान पकडून गुरूचं नाव घेतात.

म्हणून भांडण बंद करायचं का? नक्को! बिलकूल नक्को. भांडता भांडताच तर आम्ही ऐकायला शिकलो. फक्त मी आता आमच्या ग्रुपमध्ये दोन नियम लावलेत. एक, नाव घेतलं की गाणं लावायचं. नुसतं ‘तो ग्रेट आहे’ चालणार नाही. कुठल्या मिनिटाला, कुठला सूर, ते बोट ठेवून दाखवायचं. दोन, प्रत्येकानं आपल्या हिरोबरोबर त्याच्या गुरूचं एक गाणं आणायचं. गेल्या काही महिन्यांत आमची भांडणं दीड तासावरून अडीच तासांवर गेली आहेत. पण हल्ली त्यातला तासभर तरी कुणी बोलत नाही. ऐकतात.

प्रत्यक्ष ऐकायचं म्हटलं तर फार लांब जायला नको. 2011 साली मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला. पहिल्याच वर्षी बडी गाय आला होता. 2023 च्या फेब्रुवारीत तो परत आला तेव्हा त्याचं वय 86 होतं. आपल्याकडंही वाजवणारे आहेत. शिलाँगचा ‘सोलमेट’ बँड ऐका. ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ नावानं वाजवणारा मुंबईचा वॉरन मेंडोन्सा ऐका. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघालात की सकाळी मुंबई. एवढं तर आपण लग्नालाही जातो.

आणि तेवढंही नको असेल तर या रविवारी फक्त चाळीस मिनिटं काढा. बी. बी. किंगचा ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’ लावा. नोव्हेंबर 1964, शिकागोचं रीगल थिएटर. मोबाइल पालथा ठेवा. गिटारकडं लक्ष द्याच, पण समोरच्या पब्लिककडंही द्या. त्यानं एक सूर धरून ठेवला की बायका-माणसं कशी ओरडतात ते ऐका. त्यातले कितीतरी जण कापसाचे मळे मागं टाकून त्या शहरात आलेल्या घरांतले होते. त्यांना यादी नको होती. तो एक सूर त्यांना बरोब्बर कळत होता.

हो, माझी पार्टी राहिलीच. चार नंबरची. कमी बोलणारी.

आता कॉलम एवढा लांबला, तो भाग वेगळा!